नॉर्वेहून अमेरिकेला गेलेले पूर्वज कसे शोधावेत: चर्चच्या नोंदवह्या आणि जनगणना, क्रमवार

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांत नॉर्वेजियन वंशाची सून किंवा जावई आला, की नातवंडांच्या वंशवृक्षाचा विषय कधी ना कधी निघतोच. आपल्या बाजूची माहिती आजी सांगते. दुसऱ्या बाजूला ‘खापरपणजोबा नॉर्वेहून आले, नाव ओले हान्सेन’ एवढंच हाती असतं. मग कोणीतरी हे नाव संगणकावर टाकतं, ढिगाने ओले हान्सेन समोर येतात, वयाने जुळणारा एक उचलला जातो आणि त्याचे आईवडील, आजीआजोबा पार सतराव्या शतकापर्यंत झाडावर चढतात. झाड भरगच्च दिसतं, पण माणसं भलत्याच घरातली असतात.

असं होतं ते क्रम उलटा धरल्यामुळे. नॉर्वेच्या जुन्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, म्हणून लोक सुरुवात तिथून करतात. आपला माणूस नेमका कुठल्या पॅरिशचा, म्हणजे कुठल्या चर्चच्या क्षेत्रातला, हे कळण्याआधी तिथे शिरलं की चुकीचा माणूस मिळणार हे जवळपास ठरलेलं. खालचा क्रम मोडू नका. एखादा टप्पा अडला तर तिथेच थांबा, पुढची पायरी गाठू नका.

## तयारी: तक्ता आधी, झाड नंतर

वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर सुरुवातीला उघडूच नका. साधा तक्ता करा. त्यात एका ओळीत एकच माहिती: काय सापडलं, कुठल्या कागदात, त्या पानाचा कायमचा दुवा, आणि मूळ शब्द जसे लिहिले आहेत तसे. ‘जन्म १८४८, कबरीचा दगड’ आणि ‘जन्म १८४९, मृत्यूचा दाखला’ या दोन वेगळ्या ओळी आहेत; त्यांची सरासरी काढू नका.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ म्हणजे डिजिटालआर्किवेट. त्याचे दोन भाग आहेत: टंकलिखित नोंदी, ज्यांत नावाने शोधता येतं, आणि मूळ पुस्तकांची छायाचित्रं, जी पान उलटत वाचावी लागतात. पहिला भाग सोयीचा, पण पुरावा मानायचा तो दुसरा. टंकलेखन करणाऱ्यांनीही जुनं अक्षर चुकीचं वाचलेलं असतं.

## टप्पा १: अमेरिकेतले कागद संपवा

या टप्प्यातून तीन गोष्टी हाताला लागायला हव्यात: पूर्ण जन्मतारीख, नॉर्वेतल्या पॅरिशचं नाव आणि देश सोडल्याचं साधारण वर्ष.

१९०० ची अमेरिकन जनगणना सगळ्यांत उपयोगाची, कारण तिच्यात जन्माचा महिना, वर्ष आणि अमेरिकेत आल्याचं वर्ष असतं. त्यानंतर लुथेरन चर्चच्या अमेरिकेतल्या नोंदवह्या बघा. त्या बऱ्याचदा नॉर्वेजियन भाषेतच लिहिलेल्या असतात आणि त्यांत जन्मगाव मिळण्याची शक्यता सरकारी कागदांपेक्षा कितीतरी जास्त असते. मग मृत्यूलेख. आयोवातल्या डेकोराह गावाहून निघणारं ‘डेकोराह-पोस्टन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १८७४ पासून जवळपास शंभर वर्षं चाललं. अशा वृत्तपत्रांत माणूस कुठल्या खोऱ्यातला, कुठल्या शेतावरचा हे आवर्जून छापत. घरात जुनं बायबल, पत्रं किंवा कन्फर्मेशनचा (वयात येताना चर्चमध्ये श्रद्धेची कबुली देण्याच्या विधीचा) दाखला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, मजकूर समजत नसला तरी.

माणूस सापडत नसेल तर त्याची भावंडं शोधा. एका पॅरिशमधली माणसं अमेरिकेत शेजारी शेजारी वसली. शेजाऱ्याच्या किंवा धाकट्या बहिणीच्या मृत्यूलेखात ते गाव मिळून जातं.

सावध राहण्याच्या तीन जागा:

- २७ सप्टेंबर १९०६ च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदांत जन्मगाव क्वचितच असतं. त्यांत ‘स्वीडन व नॉर्वेच्या राजाची निष्ठा सोडतो’ असं वाक्य असतं. त्यावरून माणूस स्वीडिश ठरत नाही. १८१४ ते १९०५ या काळात दोन्ही देशांचा राजा एकच होता.
- ‘जन्म ख्रिस्तियानिया’ असं लिहिलं असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. हे आजच्या ऑस्लोचं जुनं नाव, पण जहाज जिथून सुटलं तेच गाव जन्मगाव म्हणून लिहिण्याची चूक फार होते. ‘बर्गन’ आणि ‘ट्रॉन्ड्यम’ यांनी शहराऐवजी त्या नावाचा अख्खा धर्मप्रांतही सांगितलेला असू शकतो.
- ३/८ ही तारीख नॉर्वेत आपल्यासारखीच ३ ऑगस्ट. अमेरिकन नातेवाइकांनी उतरवून घेतलेल्या वंशवृक्षात ती ८ मार्च झालेली असते.

## टप्पा २: नावाचे तुकडे पाडा

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे आणि तिच्यातच धोकाही. ‘ओले हान्सेन बाक्के’ म्हणजे ओले, हान्सचा मुलगा, बाक्के शेतावरचा. आपलं नाव, वडिलांचं नाव आणि ‘-कर’ लागलेलं आडनाव अशी आपली रचना असते, म्हणून हे पटकन कळतं आणि आपण तिसऱ्या तुकड्याला आडनाव समजून बसतो. ते आडनाव नव्हतं, राहण्याचा पत्ता होता. ओले बाक्के सोडून हाउगेन शेतावर राबायला गेला की तो ओले हान्सेन हाउगेन. लग्नानंतर बायकोच्या शेतावर राहायला गेलेला पुरुष त्या शेताच्या नावाने नोंदला जाई.

दुसरा तुकडा दर पिढीला बदलतो. हान्सच्या मुली ‘हान्सदातर’, आणि ओलेची मुलं ‘ओल्सेन’ व ‘ओल्सदातर’. लग्नानंतर बाई वडिलांचं नाव सोडत नसे, म्हणून नवऱ्याच्या नावाखाली तिला शोधू नका. कायमचं कौटुंबिक आडनाव सगळ्यांना सक्तीचं झालं ते १९२३ च्या नावविषयक कायद्याने. शहरांत आणि वरच्या वर्गात त्याआधीपासून होतं. अमेरिकेत आल्यावर एका भावाने ‘हान्सन’ घेतलं आणि दुसऱ्याने ‘बाक्के’, असं सर्रास घडलं.

पहिलं नावही बदलतं. गुरी अमेरिकेत ज्युलिया झाली, कारी कॅरी झाली, गुलब्रांड गिल्बर्ट झाला. शोधताना तारांकित चिन्ह (*) वापरा, म्हणजे नावाचा सुरुवातीचा भाग तेवढा पक्का राहतो आणि स्पेलिंगचे फरक आपोआप येतात. ‘ए’वर वर्तुळ असलेलं अक्षर जुन्या नोंदींत बहुधा दोन ‘ए’ जोडून लिहिलेलं असतं. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत नॉर्वेजियनची तीन जादा अक्षरं सगळ्यांत शेवटी येतात, सुरुवातीला शोधून ती सापडणार नाहीत.

मुलांची नावं ठेवण्याचा रिवाज लक्षात ठेवा: थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींचंही तसंच, आज्यांवरून. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर नव्या संसारातल्या पहिल्या मुलीला वारलेल्या बायकोचं नाव मिळे. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देत. दोन्ही आजोबांचं नाव एकच असेल तर दोन जिवंत भाऊ एकाच नावाचे असू शकतात. हा रिवाज खूण म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही.

तपासा: तक्त्यात नावाचे तीन रकाने वेगळे केलेत का? ‘आडनाव’ असा रकाना असेल तर तो आत्ताच काढून टाका.

## टप्पा ३: पॅरिश नक्की करा

नॉर्वेत त्या काळी नोंदी ठेवणारा मोठा घटक म्हणजे ‘प्रेस्तेयेल’, एका मुख्य पाद्र्याचं क्षेत्र. त्यात ‘सोक्न’ नावाची एक किंवा अनेक लहान चर्चक्षेत्रं असत. नोंदवही बहुतेक वेळा प्रेस्तेयेलच्या नावाने सापडते, पण कुटुंबाला आठवत असतं ते सोक्नचं किंवा नुसतं शेताचं नाव.

सारख्या नावांचा घोळ इथे मोठा. वांग नावाचं एक पॅरिश वाल्द्रेस खोऱ्यात आहे आणि दुसरं हामार शहराजवळ हेडमार्कमध्ये. नेस तर हालिंगदालमध्ये आहे, रोमेरिकेत आहे आणि हेडमार्कमध्येही आहे. नुसत्या ‘वांग’ किंवा ‘नेस’वर पुढे जाऊ नका, खोऱ्याचं किंवा जिल्ह्याचं नाव मिळेपर्यंत टप्पा १ वर परत या.

फक्त शेताचं नाव माहीत असेल तर १८६५ च्या जनगणनेत माणसाऐवजी राहण्याच्या जागेच्या रकान्यात ते टाका. किती ठिकाणी ते शेत आहे हे दिसेल. दुर्मीळ नाव असेल तर काम झालं. ‘बाक्के’ किंवा ‘हाउगेन’ असेल तर देशभर इतकी शेतं निघतील की या वाटेने जाण्यात अर्थ नाही. ओलुफ रीग यांच्या शेतनावांच्या मोठ्या संग्रहाचीही शोधता येणारी आवृत्ती आहे. जुन्या स्पेलिंगवरून आजचं नाव जुळवायला ती कामी येते.

## टप्पा ४: जनगणनेत घर शोधा

नावानिशी झालेल्या देशव्यापी जनगणनांपैकी शोधासाठी वापरायच्या त्या १८०१, १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० आणि १९२० च्या. १८३५, १८४५ आणि १८५५ मध्ये सर्वसाधारणपणे फक्त आकडे गोळा केले, त्यांत नावं शोधत बसू नका. १८९१ मध्ये दर माणसाचा वेगळा कागद भरला, त्यामुळे तिच्यात कुटुंब शोधणं कष्टाचं आहे. ती शेवटी ठेवा.

माणूस देश सोडून गेला त्याच्या लगेच आधीची जनगणना पहिली घ्या. १८६९ ला गेला असेल तर १८६५.

आता वयाचा हिशेब. १८६५ मध्ये चालू वर्ष धरून वय लिहिलं आहे, म्हणजे सतरा पूर्ण करून अठराव्यात असलेला मुलगा ‘१८’. जनगणनेचा दिवस ३१ डिसेंबर, म्हणून जन्मवर्ष काढताना १८६६ मधून वय वजा करा. मे १८४८ ला जन्मलेला मुलगा तिथे १८ वर्षांचा दिसला पाहिजे. नेहमीच्या सवयीने १८६५ मधून वजा केलंत तर १८४७ येईल आणि बाप्तिस्म्याच्या यादीत चुकीचं वर्ष चाळत बसाल. अर्थात घरातल्या लोकांनी वय अंदाजाने सांगितलेलं असतं, तेव्हा एकदोन वर्षं इकडेतिकडे धरा. १८७५ मध्ये थेट जन्मवर्ष आहे, आणि १९१० मध्ये पूर्ण जन्मतारीख.

घर सापडलं की एकट्या माणसाची नोंद उतरवून निघून जाऊ नका. अख्खं घर उतरवा: कोण मालक, कोण नोकर, कोण म्हातारं. ‘गोर्डब्रुकर ओग सेल्व्हएयर’ म्हणजे स्वतःच्या मालकीची शेती करणारा. ‘हुसमान’ म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर झोपडी आणि जमिनीचा तुकडा घेऊन राबणारा. अमेरिकेला गेलेल्यांत या घरांतली माणसं फार. ‘फ्योदेराड’ असं लिहिलेले वृद्ध म्हणजे शेत पुढच्या पिढीला देऊन त्याबदल्यात पोटापाण्याची हमी घेतलेले. ते मालकाचे किंवा मालकिणीचे आईवडील असण्याची शक्यता मोठी, म्हणजे एक पिढी आयती मिळते. जन्मस्थळाच्या रकान्यात पॅरिश दिलेलं असतं. बायकोचं पॅरिश वेगळं असेल तर लग्न तिच्या पॅरिशच्या वहीतही बघा.

सावध: पंधरा-सोळा वर्षांची मुलं पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला असत. ती आईवडिलांच्या घरात दिसली नाहीत म्हणून ‘मेली असतील’ असं समजू नका आणि ज्या घरात दिसली तिथल्या मालकाला बाप ठरवू नका.

१९१० च्या जनगणनेत अमेरिकेतून परत आलेल्यांना वेगळे प्रश्न विचारले होते: कधी गेला, कधी परतला, तिकडे काय काम केलं. मागे राहिलेला भाऊ म्हणून तुम्ही ज्याला सोडून द्याल, तो काही वर्षं विस्कॉन्सिनला राहून आलेला निघू शकतो.

## टप्पा ५: चर्चची नोंदवही वाचा

१८१२ च्या आदेशाने छापील रकान्यांच्या वह्या आल्या आणि दर नोंदीची दुसरी प्रत ठेवणं बंधनकारक झालं. एक प्रत पाद्र्याची, दुसरी चर्चच्या कारकुनाची, आणि दोन्ही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा दंडक. एक वही जळाली, भिजली किंवा वाचता येत नसेल तर दुसरी मागा. दोन्ही हाती असतील तर दोन्ही वाचा. कारकुनाचं अक्षर कधी कधी पाद्र्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असतं.

शोधाचा क्रम असा ठेवा: आधी कन्फर्मेशन, मग बाप्तिस्मा, मग आईवडिलांचं लग्न. बहुतेक जण बाप्तिस्म्यावर उडी मारतात. कन्फर्मेशन साधारण पंधराव्या वर्षी होई, आणि त्या नोंदीत राहण्याचं शेत, आईवडील, जन्म किंवा बाप्तिस्म्याची तारीख आणि देवीची लस टोचल्याचा उल्लेख असतो. म्हणजे मूल पंधरा वर्षं जगलं हे एका नोंदीत सिद्ध होतं. बाप्तिस्म्याची नोंद ते सांगत नाही.

बाप्तिस्म्याचं पान असं वाचा. पान म्हणजे उघड्या वहीची डावी-उजवी जोडी. डावीकडून: अनुक्रमांक, जन्मदिवस, बाप्तिस्म्याचा दिवस, मुलाचं नाव, मूल विवाहातलं की विवाहाबाहेरचं, मग आईवडिलांची नावं, धंदा आणि राहण्याची जागा, उजव्या पानावर साक्षीदार धर्मपालक (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे) आणि शेरे. मुलगे आणि मुली यांच्या याद्या वेगळ्या असतात. मुलीचं नाव वर्षभराच्या यादीत मिळत नसेल तर आधी बघा, तुम्ही मुलग्यांच्या पानांवर तर नाही?

धर्मपालकांचा रकाना कोणी उतरवून घेत नाही, आणि खरा खजिना तिथे असतो. पाच-सहा नावं, त्यांची शेतं. आत्या, मावशी, काका बहुतेक वेळा त्यांतच असतात. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे धर्मपालक एकाखाली एक लिहा. जे शेत वारंवार येतं ते आईचं माहेर किंवा बापाचं मूळ घर असण्याचा संभव असतो.

अक्षर गॉथिक वळणाचं आहे. त्यासाठी पुस्तकी वर्णमाला पुरत नाही, कारण दर पाद्र्याचा हात वेगळा. त्याच वहीत ओले, अँडर्स, कारी, मारित अशी नेहमीची नावं शोधा आणि त्यांवरून त्या पाद्र्याची अक्षरं कागदावर काढून घ्या. ‘ई’ हे ‘एन’सारखं दिसतं, लांब ‘एस’ हा ‘एफ’ किंवा ‘एच’ वाटतो.

सावध, तारखा: ‘७बर’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. तसंच ‘८बर’ ऑक्टोबर, ‘९बर’ नोव्हेंबर, ‘१०बर’ डिसेंबर. १८१४ च्या आधीच्या वह्यांत तारखेऐवजी ‘ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ असं लिहिलेलं असतं. त्या वर्षीचा ईस्टर कधी होता यावर तो रविवार अवलंबून, म्हणून वर्षवार चर्च पंचांग जवळ ठेवा. आणि त्या काळात बहुधा फक्त बाप्तिस्म्याचा दिवस मिळतो; तो जन्मदिवस म्हणून लिहू नका.

## टप्पा ६: हाच माणूस गेला, हे सिद्ध करा

सगळ्यांत जास्त वगळला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हा. मागच्या पिढ्यांकडे वळण्याआधी तो झालाच पाहिजे.

परदेशी जाणाऱ्यांच्या पोलिसांनी ठेवलेल्या याद्या ख्रिस्तियानिया आणि ट्रॉन्ड्यमला १८६७ पासून, बर्गनला १८७४ पासून मिळतात. त्यांत नाव, वय, शेवटचं राहण्याचं ठिकाण आणि अमेरिकेतलं गंतव्य असतं. स्टॅव्हँगरच्या जुन्या याद्या आगीत गेल्या. तिथल्या माणसासाठी चर्चच्या वहीतली ‘गाव सोडून गेलेल्यांची’ यादी बघा. ती यादी सगळ्याच पॅरिशांसाठी बघा. पण पाद्र्याचा दाखला न घेताही लोक गेले, म्हणून त्यात नाव नसणं हा काहीच पुरावा नाही.

जहाजाचं नाव दोन्हीकडे जुळत नाही म्हणून माणूस नाकारू नका. नॉर्वेतून सुटलेलं जहाज बहुधा इंग्लंडच्या हल बंदरापर्यंतच जाई. तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग अटलांटिक पार करणारं वेगळं जहाज. १८५० आणि १८६० च्या दशकांत बहुसंख्य नॉर्वेजियन न्यूयॉर्कला न उतरता कॅनडातल्या क्वेबेकला उतरले. तिथल्या प्रवासी याद्या १८६५ पासूनच्या आहेत. एलिस बेट सुरू झालं १८९२ मध्ये, तेव्हा १८६९ ला आलेल्या माणसाला तिथे शोधू नका.

आता उलट तपासणी. तुमच्या ओलेला खोडून काढायचा प्रामाणिक प्रयत्न करा:

१. त्याच वर्षी त्याच पॅरिशमध्ये दुसरा ओले, हान्सचा मुलगा, जन्मला का? सगळे लिहून काढा.
२. यांतला कोणी लहानपणी वारला का? दफनाच्या नोंदी बघा.
३. यांतला कोणी १८७५ च्या किंवा १९०० च्या जनगणनेत नॉर्वेतच दिसतो का? दिसला तर तो तुमचा नाही, परत आलेला असल्याखेरीज.
४. उरला त्याची भावंडं आणि अमेरिकेतल्या मृत्यूलेखातली भावंडं जुळतात का?

नाव आणि वर्ष जुळणं पुरेसं नाही. जन्मतारीख, शेत आणि कुटुंबातली माणसं ही तिन्ही वेगवेगळ्या कागदांतून जुळली पाहिजेत. दोनच जुळत असतील तर तक्त्यात ‘बहुधा’ लिहा आणि तसंच राहू द्या.

## टप्पा ७: मागे जाताना

इथून पुढे काम सोपं आहे: आईवडिलांचं लग्न, त्यांचं कन्फर्मेशन, त्यांचा बाप्तिस्मा, मग १८०१ ची जनगणना. दर पिढीला दुसरा तुकडा बदलणार आणि शेत बदलू शकणार, एवढं ध्यानात असू द्या.

बऱ्याच भागांसाठी ‘बिग्देबोक’ नावाची स्थानिक इतिहासाची पुस्तकं आहेत. शेतवार मांडणी, आणि दर शेतावर कोण कोण राहिलं त्याची पिढ्यांची यादी. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं नॉर्वेजियन अमेरिकन वंशशोध केंद्र आणि नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं ग्रंथालय यांच्याकडे मोठे संग्रह आहेत. पुस्तकाची अनुक्रमणिका माणसाच्या नावाने न बघता शेताच्या नावाने बघा. हुसमानांची घरं मुख्य शेताच्या प्रकरणाच्या शेवटी, लहान टाइपात दडलेली असतात. पुस्तकात छापलं म्हणून ते खरं, असं धरू नका. तिथल्या दर तारखेला मूळ वहीतलं पान जोडा.

वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर आता उघडा. तक्त्यातल्या ज्या ओळीसमोर मूळ पानाचा दुवा आहे, तेवढ्याच ओळी त्यात भरा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा सार्वजनिक झाडावर ठेवू नका, आपल्या बाजूच्या आणि त्यांच्याही.